स्पर्शपडद्याची योग्य जोडणी

मीरा-भाईंदर येथे १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. अशा वाढत्या शहरांत दाखल्यांसाठी येणाऱ्या नागरिकांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये विहित मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क आहे. या कामी संगणकाचा स्पर्शपडदा उपयुक्त ठरतो. मात्र त्याची जोडणी अचूक असली पाहिजे.

समजा, एका खिडकीवर दोन पडदे आहेत. डावीकडील लिपिकासाठी, उजवीकडील नागरिकासाठी. नागरिक आपल्या पडद्यावर 'जन्म दाखला' या चौकटीवर बोट ठेवतो आणि निवड होते लिपिकाच्या पडद्यावर! यंत्र बिघडले असे समजून नव्या खरेदीचा प्रस्तावही तयार होतो. वस्तुतः यंत्र निर्दोष असते.

लिनक्स प्रणालीत, तसेच तिच्यावर आधारलेल्या सी-डॅकच्या 'बॉस' प्रणालीतही, प्रमाणित यूएसबी स्पर्शपडद्यांसाठी लागणारा चालक, म्हणजे ड्रायव्हर, बहुधा गाभ्यातच असतो. अडचण निराळीच असते. 'एक्स' ही चित्रव्यवस्था दोन्ही पडद्यांचे मिळून एकच पटल मानते व स्पर्श त्या संपूर्ण पटलावर पसरवते. प्रत्येक पडदा १९२० बिंदू रुंद असल्यास एकूण रुंदी ३८४० होते. स्पर्शपडद्याच्या डावीकडून पाव अंतरावरील बोट ९६० व्या बिंदूवर, म्हणजे लिपिकाच्या पडद्यावर, उमटते. ते २४०० व्या बिंदूवर उमटावयास हवे.

उपाय सोपा आहे. 'एक्सइनपुट' या आज्ञेने स्पर्शयंत्राचा क्रमांक व 'एक्सरँडआर' या आज्ञेने पडद्याचे नाव पाहावे. मग 'एक्सइनपुट'च्याच 'मॅप-टू-आउटपुट' या पर्यायाने दोहोंची सांगड घालावी. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ही सांगड टिकत नाही. म्हणून ती आज्ञा आरंभीच आपोआप चालेल अशी तजवीज करावी. नव्या 'वेलँड' चित्रव्यवस्थेत मात्र ही रीत चालत नाही. तेथे ही जोडणी पटल-व्यवस्थेच्या मांडणीतूनच करावी लागते.

केंद्र सुरू करण्यापूर्वी पडद्याच्या चारही कोपऱ्यांवर व मध्यभागी बोट ठेवून खात्री करून घ्यावी. वापरलेली आज्ञा व पडद्यांचा क्रम कार्यालयाच्या नोंदवहीत लिहून ठेवावा. तंत्रज्ञाची बदली झाली तरी त्यामुळे काम अडणार नाही, आणि रांगेत उभ्या असलेल्या नागरिकाला मागितलेलाच दाखला वेळेवर मिळेल.