बिनलगामाचे घोडे

मुलांनो, घोडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? वरातीतला सजवलेला घोडा, टांग्याचा घोडा, माथेरानच्या लाल मातीत पाहुण्यांना फिरवणारे घोडे, नाहीतर इतिहासाच्या पुस्तकातलं मावळ्यांचं घोडदळ! या सगळ्या घोड्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांच्या तोंडात लगाम आहे आणि तो लगाम कुणातरी माणसाच्या हातात आहे.

पण ज्यांना लगाम नाही, खोगीर नाही, पायाला नाल नाही, अशा घोड्यांचंही एक बेट आहे बरं का! चला, आज तिकडे जाऊ या. कॅमेरा बरोबर घ्या. खिशातला खाऊ मात्र घरीच ठेवा. का, ते पुढे कळेलच.

वाळूचं बेट

नकाशात अमेरिकेचा पूर्व किनारा शोधा. तिथे अटलांटिक महासागराला लागून ॲसटीग नावाचं एक चिंचोळं बेट आहे. त्याचा उत्तरेकडचा भाग मेरिलँड राज्यात आणि दक्षिणेकडचा व्हर्जिनिया राज्यात येतो. लांबी सुमारे ६० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पुणे ते लोणावळा एवढी! एका बाजूला महासागराच्या लाटा, दुसऱ्या बाजूला शांत खाडी आणि चिखलाचं खाजण. सगळं बेट वाळूचं. लाटा आणि वादळं ही वाळू सारखी इकडची तिकडे करत असतात. त्यामुळे हे बेट हळूहळू पश्चिमेकडे सरकतंय. आहे की नाही गंमत?

अशा जागी घोडे खातात काय? खाजणात उगवणारं खारट, राठ गवत हेच त्यांचं मुख्य अन्न. हे सांगितल्यावर माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने लगेच विचारलं, "मग त्यांना तहान नाही का लागत?" अगदी नेमका प्रश्न! लागते तर. खारट खाण्यामुळे हे घोडे इतर घोड्यांच्या जवळजवळ दुप्पट पाणी पितात. पावसाच्या पाण्याची डबकी आणि तळी शोधून ते तहान भागवतात. म्हणूनच त्यांची पोटं फुगलेली, टम्म दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, काय छान गुटगुटीत आहेत! पण ती चरबी नव्हे, पाणी! खाणं असं निकस, म्हणून त्यांची उंचीही खुंटलेली. आपण तट्टू म्हणतो ना, तेवढेच ते दिसतात.

उन्हाळ्यात डास आणि चावऱ्या माश्या त्यांना हैराण करतात. मग सगळा कळप खाजण सोडून समुद्राच्या वाऱ्यावर येऊन उभा राहतो. काही जण तर चक्क लाटांत शिरतात! हिवाळ्यात अंगावर दाट केस येतात. कळप लहान असतात. त्यात बहुधा एक घोडा, काही घोड्या आणि त्यांची शिंगरं असतात. त्यांच्या पायांशी किडे टिपत बगळेही फिरतात. आपल्याकडे म्हशीच्या पाठीवर बसतो ना गायबगळा, त्याचेच हे भाऊबंद.

ते आले कुठून?

तिथले लोक एक गोष्ट सांगतात. फार पूर्वी एक स्पॅनिश जहाज किनाऱ्याजवळ फुटलं आणि त्यातले घोडे पोहत बेटावर आले. कागदपत्रांवरून मात्र वेगळंच दिसतं. सतराव्या शतकात किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी आपली जनावरं बेटावर सोडली. तिथे कुंपण घालायला नको आणि जनावरांवरचा करही चुकवता येई! म्हणजे हे घोडे मुळात रानटी नव्हेत. ते पाळीव घोड्यांचे वंशज, पिढ्यान्‌पिढ्या मोकळे राहून रानटी झालेले.

पण गंमत ऐका. हैती देशात सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश गावाच्या जागी एक दात सापडला होता. गाईचा दात म्हणून तो संग्रहात पडून होता. शास्त्रज्ञांनी त्याची तपासणी केली तेव्हा तो निघाला घोड्याचा! आणि त्याचं सर्वांत जवळचं नातं जुळलं ते या बेटावरच्या घोड्यांशी. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. याने जहाज फुटल्याचं सिद्ध होत नाही, पण स्पॅनिश नात्याला बळकटी मिळाली एवढं खरं.

दोन कळप, दोन रखवालदार

दोन राज्यांच्या हद्दीवर कुंपण आहे, त्यामुळे घोड्यांचे दोन मोठे कळप झाले आहेत. मेरिलँडकडचे घोडे तिथल्या राष्ट्रीय उद्यान विभागाच्या देखरेखीखाली आहेत. घोडे फार वाढले तर गवत संपेल आणि बेटाची धूप होईल. म्हणून तिथे १९९४ मध्ये काही घोड्यांना लांबूनच सुईचा बाण मारून पिल्लं न होण्याची लस द्यायला सुरुवात झाली. अंगाला हात लावायचं कामच नाही!

व्हर्जिनियाकडचे घोडे कुणाच्या मालकीचे असतील? शेजारच्या शिंकटीग बेटावरच्या हौशी अग्निशामक दलाच्या! तिथे मोठे घोडे १५० पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. म्हणून १९२५ पासून जुलैमध्ये दल एक उत्सव भरवतं. जुलैच्या शेवटच्या बुधवारी, भरती-ओहोटीच्या मधे पाणी थबकलं की घोडेस्वार सगळा कळप खाडीत उतरवतात आणि घोडे पोहत शिंकटीगला जातात. पाच-दहा मिनिटांचा खेळ, पण बघायला हजारोंची गर्दी! दुसऱ्या दिवशी बऱ्याच शिंगरांचा लिलाव होतो आणि उरलेला कळप पोहत परत येतो. त्या पैशातून घोड्यांचं औषधपाणी आणि दलाचा खर्च भागतो. महायुद्धाच्या काळात आणि पुढे कोरोनामुळे २०२० व २०२१ मध्ये हे पोहणं झालं नव्हतं. मार्गरीट हेन्री यांनी १९४७ मध्ये मिस्टी नावाच्या घोडीवर मुलांसाठी पुस्तक लिहिलं आणि हे घोडे जगभर पोहोचले.

आता कॅमेरा काढा

फोटो काढायचाय ना? मग पहिला नियम ऐका. घोड्यापासून निदान बारा मीटर लांब राहायचं. बारा मीटर म्हणजे किती? एक एस.टी. बस मधे उभी आहे असं समजा. घोडा स्वतःहून जवळ आला तर? आपणच मागे सरकायचं!

लांबून फोटो चांगला येणार नाही असं वाटतं का? उलट लांबूनच चांगला येतो. जवळ गेलात तर फक्त नाक दिसेल. लांबून घोडा, गवत, वाळू आणि मागचा समुद्र असं सगळं येतं. सकाळचं किंवा उतरतं ऊन घ्या. सूर्य आपल्या पाठीशी असू द्या. खाली बसून घोड्याच्या उंचीवरून बघा. शिट्टी नाही, टाळी नाही. घोडी आणि शिंगरू यांच्या मधे कधीही जायचं नाही. घोड्याने कान मागे पाडले म्हणजे तो रागावलाय, कॅमेरा खाली करा आणि मागे फिरा. हे घोडे लाथही मारतात आणि चावतातही.

आणि खाऊ? आता चिपची गोष्ट ऐका. चिप हा मेरिलँडच्या कळपातला घोडा. माणसांचा खाऊ मिळतो हे त्याला कळलं. मग तो तंबूंपाशी, गाड्यांपाशी खाणं शोधत हिंडू लागला. कुणी हाकललं तर अंगावर येऊ लागला. शेवटी २०२२ मध्ये त्याला बेटावरून हलवून दूर टेक्सास राज्यातल्या प्राण्यांच्या आश्रमात पाठवावं लागलं. खाऊच्या आशेने रस्त्यावर आलेले काही घोडे तर गाडीखाली सापडून मेले आहेत.

बघा, खाऊ देणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. "किती गोड आहे!" म्हणूनच त्याने हात पुढे केला. पण त्या हाताने चिपचा समुद्र गेला, त्याची वाळू गेली, त्याचे सोबती गेले. माणसांच्या हातात लगाम नव्हता, तरी खाऊची पिशवी होती! मोकळ्या प्राण्यावर माया करायची तर कधीकधी लांब उभं राहावं लागतं, ते असं.

ॲसटीगला जाणं काही आपल्या सगळ्यांना जमणार नाही. पण तळ्याकाठचा बगळा, देवळाच्या पारावरची खार, रानातलं वानर तर आहे ना? या रविवारी आई-बाबांचा मोबाईल मागून घ्या, नसेल तर वही-पेन्सिल घ्या. लांब बसा आणि अर्धा तास नुसतं बघा. पालकांनो, तुम्हीही बरोबर बसा. सहलीला गेल्यावर माकडांपुढे बिस्किटाचा पुडा आपणच उघडतो, नाही का?

आणि मुलांनो, जे दिसेल ते टिपून ठेवा. फोटो हलला तरी चालेल, बगळा हलायला नको!