भर दुपारचे ऊन आणि चेहऱ्यावरील प्रकाश

शाळेच्या आवारात काढलेले माझ्या आईचे एकच छायाचित्र माझ्याजवळ आहे. १९८३ सालच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास ते काढले गेले. आई सकाळच्या एस.टी.ने आली होती. फाटकाजवळच्या, चुन्याने रंगविलेल्या भिंतीसमोर छायाचित्रकाराने आम्हा दोघांना उभे केले. त्या छायाचित्रात भिंत लख्ख दिसते, माझ्या सदऱ्याच्या गुंड्या मोजता येतात, आईच्या लुगड्याचे काठही ओळखू येतात. परंतु कपाळावर ओढलेल्या पदराखाली तिचा चेहरा म्हणजे केवळ एक काळी सावली आहे. घरातील मुलांना ती कोण हे कळावे म्हणून त्या छायाचित्राच्या पाठीमागे मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : ‘आई, शाळेच्या फाटकाशी’.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे एखादे छायाचित्र असेल. यंदा या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थी व पालक यांची छायाचित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून मी तिच्या मुळाशी जाण्याचे ठरविले. जे उमगले ते येथे मांडतो.

त्या छायाचित्रकाराला मी दोष देत नाही. दुपारचा सूर्य डोक्यावर असतो. त्यामुळे डोळ्यांच्या खोबण्या, नाकाखालची जागा आणि पदराखालचा किंवा टोपीखालचा भाग सावलीत जातो. मानवी डोळा प्रखर ऊन आणि गडद सावली एकाच वेळी सामावून घेतो. कॅमेऱ्याला ते तितके साधत नाही. शिवाय कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. समोर पांढरी भिंत किंवा शुभ्र वस्त्रे असली की त्याला प्रकाश फार झाला असे वाटते आणि तो सर्वच दृश्य मंद करतो. त्यात सावळा चेहरा अधिकच बुडतो. आपल्या समारंभांतून पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरेच अधिक असतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

यालाही एक इतिहास आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना नमुन्याची छायाचित्रे पुरवीत असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या नमुन्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा होता. त्या चेहऱ्याची कांती नीट उमटली की यंत्र ठीक चालले असे मानले जाई. सावळ्या व काळ्या कांतीच्या माणसांचा विचार त्या मापात बऱ्याच उशिरा आला.

सावलीतल्या चेहऱ्याला प्रकाश देण्याचा साधा उपाय म्हणजे आपण स्वतः प्रकाश सोबत नेणे. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमयुक्त स्फोटक भुकटी तयार झाली आणि क्षणभर लखलखीत उजेड पाडणे शक्य झाले. न्यूयॉर्कमधील पत्रकार जेकब रिस याने त्याच साधनाने तेथील गरिबांच्या कोंदट, अंधाऱ्या चाळींची छायाचित्रे काढली आणि १८९० मध्ये ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. शहराने जे पाहिले नव्हते ते त्या उजेडाने दाखविले. झोपलेल्या माणसांवर न विचारता असा उजेड पाडण्याची त्याची रीत मात्र आपण स्वीकारू नये. पुढे १९२९ च्या सुमारास काचेच्या फुग्यातील फ्लॅश-बल्ब आले. १९३० च्या दशकात अमेरिकेतील एम.आय.टी.चे हॅरल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक झोताने वेगवान हालचाली गोठवून दाखविल्या आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा मार्ग मोकळा झाला.

तथापि भर उन्हात फ्लॅश वापरताना एक अडचण येते. ती समजण्यासाठी कॅमेऱ्याच्या आत डोकवावे लागेल. संवेदकासमोर दोन पडदे असतात. पहिला सरकतो आणि प्रकाशाला वाट देतो. दुसरा त्याच्यामागून येऊन ती वाट बंद करतो. साधारणतः १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत असा एक क्षण येतो की संपूर्ण संवेदक उघडा असतो, आणि फ्लॅश नेमका त्या क्षणी उडतो. याहून अधिक वेग ठेवला, तर पहिला पडदा शेवटास पोहोचण्यापूर्वीच दुसरा निघतो. मग दोहोंमधील एक अरुंद फट तेवढी संवेदकावरून सरकत जाते. पडद्याला २४ मिलिमीटर उंची पार करण्यास १/२५० सेकंद लागतो असे धरले, तर १/४००० सेकंदाच्या वेळी ही फट केवळ दीड मिलिमीटरची असते.

रात्री रुळांजवळ उभे राहून धावत्या मालगाडीच्या दोन डब्यांमधील फटीतून पलीकडचे शेत पाहण्याचा प्रयत्न करावा, तसे हे आहे. त्याच वेळी एकदाच वीज चमकली, तर शेताचा एक पट्टा तेवढा दिसेल. छायाचित्रात नेमके हेच घडते : एक पट्टा उजळतो आणि उरलेल्या भागाला फ्लॅशचा प्रकाश मिळतच नाही.

मग वेग कमी का ठेवू नये? कारण ऊन. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० असताना एफ १६ आणि १/१२५ सेकंद हे प्रमाण सामान्यतः जुळते. त्याच हिशेबाने १/२५० सेकंदाला एफ ११ लागते. इतक्या लहान छिद्रातून मागील तारा, पाण्याची टाकी, उभ्या जीपगाड्या असे सर्व काही चेहऱ्याइतकेच स्पष्ट येते. चेहरा उठून दिसावा म्हणून एफ ४ पर्यंत छिद्र मोठे करावे, तर वेग १/२००० सेकंदावर न्यावा लागतो, एफ २.८ ला तो १/४००० होतो.

येथे हाय-स्पीड सिंक ही पद्धत उपयोगी पडते. तिच्यात फ्लॅश एकदाच उडत नाही. फट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईतो तो अतिशय जलद, एकामागून एक असे असंख्य लहान झोत सोडतो. मालगाडी जाईपर्यंत वीज चमकतच राहिली, तर फटीतून सारे शेत दिसेल, तसेच हे. फ्लॅश-बल्बच्या काळात सावकाश जळणारे खास बल्ब हेच काम करीत. १९८० च्या दशकात ऑलिंपस कंपनीने आपल्या एफ २८० या फ्लॅशमध्ये ही युक्ती इलेक्ट्रॉनिक रूपात आणली.

याची किंमत मात्र शक्तीच्या रूपाने द्यावी लागते. साठविलेली ऊर्जा लांबवर पसरविल्याने उपयोगी प्रकाश सुमारे एक चतुर्थांश, कधी त्याहूनही कमी उरतो. फट अरुंद केली की उन्हाप्रमाणेच फ्लॅशचा प्रकाशही त्याच प्रमाणात घटतो. म्हणजे वेग वाढवून फ्लॅश उन्हाहून बलवान होत नाही. केवळ मोठे छिद्र वापरण्याची मुभा मिळते. हे न समजल्यामुळे अनेकांची निराशा होते.

म्हणूनच मोठ्या शक्तीचा, तरीही बॅटरीवर चालणारा स्टुडिओ फ्लॅश महत्त्वाचा ठरला. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या लहान फ्लॅशची शक्ती ढोबळमानाने ६० ते ८० वॅट-सेकंद धरली जाते. पूर्वी याहून मोठा प्रकाश हवा असल्यास भिंतीतील विजेची जोडणी, जनित्र किंवा जड बॅटरीची पेटी लागे. २०१३ मध्ये स्वीडनच्या प्रोफोटो कंपनीने बी-१ हा ५०० वॅट-सेकंदांचा फ्लॅश आणला. त्याची बॅटरी त्याच्या अंगातच होती आणि ती पूर्ण शक्तीचे सुमारे २२० झोत देई. त्यानंतर चीनच्या गोडॉक्स कंपनीचा ६०० वॅट-सेकंदांचा एडी-६०० कमी किमतीत आला आणि लहान गावांतील छायाचित्रकारांच्या हातीही असे साधन पडू लागले.

प्रत्यक्ष कृती चार पायऱ्यांची आहे. प्रथम व्यक्तीची पाठ सूर्याकडे करावी, म्हणजे डोळे मिचकावे लागत नाहीत. दुसरे, फ्लॅश बंद ठेवून आकाश व इमारत नीट येतील असा वेग आणि छिद्र निवडावे. चेहरा काळा पडेल, पडू द्यावा. तिसरे, सॉफ्टबॉक्स लावलेला फ्लॅश चेहऱ्याच्या एका बाजूस, डोळ्यांच्या थोडा वर, एक ते दीड मीटरवर आणावा. चौथे, चेहरा नीट दिसेपर्यंत शक्ती वाढवावी. शक्ती संपली तर फ्लॅश जवळ आणावा : दोन मीटरवरून एक मीटरवर आणल्यास प्रकाश चौपट होतो.

आपल्याकडील शुभ्र वस्त्रांमुळे आणखी एक काळजी घ्यावी लागते. टीटीएल नावाची स्वयंचलित पद्धत पांढऱ्या कापडाने फसते आणि प्रकाश कमी करते. तेथे शक्ती हाताने ठरवावी. प्रकाशाचा मध्य चेहऱ्याकडे आणि कडेचा मंद भाग कापडाकडे राहील असा सॉफ्टबॉक्स किंचित वर वळवावा. वारा असेल तर स्टँडला वाळूची पिशवी बांधावी किंवा तो धरावयास एखादा विद्यार्थी उभा करावा. बॅटरी तापत्या गाडीत ठेवू नये, आणि फ्लॅश कधीही उघडू नये. बंद केल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

वर्गाच्या सामूहिक छायाचित्रासाठी मात्र हाय-स्पीड सिंक वापरू नये. पाच रांगांतील सर्व चेहरे स्पष्ट यावयाचे तर लहान छिद्रच हवे, आणि फ्लॅश दूर ठेवावा लागत असल्याने त्याची पूर्ण शक्तीही हवी. तेथे १/२०० सेकंदाचा साधा मार्गच योग्य. त्याहून बरे म्हणजे इमारतीच्या सावलीत मुलांना उभे करावे. मग फ्लॅशचीही गरज पडत नाही. एकट्या व्यक्तीसाठी वसतिगृहातील पांढरी चादर दोघांनी ताणून धरली, तरी तिच्यावरून परतलेले ऊन चेहऱ्याला पुष्कळ उजळते. ज्यांच्याजवळ केवळ मोबाईल आहे त्यांनी हे दोन उपाय अवश्य करून पाहावेत.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या दिवशी एका विद्यार्थ्याची वृद्ध आई फाटकाजवळ आली. वेळ दुपारची, डोक्यावर पदर. पदर मागे घ्यावा असे आमच्यापैकी एकाने सुचविले. त्यांना ते रुचले नाही, आणि त्याची आवश्यकताही नव्हती. त्यांना विचारून फ्लॅश सव्वा मीटरवर आणला; एफ ४, १/२००० सेकंद. छायाचित्रात मागे शाळेची इमारत आहे, वर निळे आकाश आहे, आणि पदराच्या आत त्यांचे डोळे, कपाळावरच्या सुरकुत्या, किंचित हसू असे सर्व काही आहे.

छायाचित्रांच्या प्रती लिफाफ्यांत भरताना मदतीला आलेल्या मुलीने विचारले, “सर, मागे नाव लिहू का?” मी म्हणालो, “लिही. पण त्यांच्या नातवंडांना चेहरा ओळखण्यासाठी ते उलटून पाहावे लागणार नाही.”