डिस्क उडाली? आधी हात खिशात ठेवा!

एक हार्ड डिस्क गेली तरी 'रेड'वाला सर्व्हर आरामात चालू राहतो. खरा घोळ होतो तो नंतर, घाईघाईत भलतीच डिस्क उपसल्यावर...

मे महिन्यातलं संभाजीनगर. बाहेर पारा चाळिशीपार आणि लग्नसराई जोरात. सिडकोतला एखादा फोटो स्टुडिओ डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात एक काळा डबा घूं घूं करतोय. त्यात लिनक्स, आणि त्यावर शे-दीडशे लग्नांचे फोटो. एक दिवस आतली एक डिस्क टक-टक करते आणि चक्क मान टाकते. काम मात्र चालूच! कुणाला पत्ताही लागत नाही.

हीच तर 'रेड'ची कमाल. १९८८ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या त्रिकुटाने हा फंडा मांडला. एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या चार-पाच डिस्कांची टोळी करा, एक आजारी पडली तर बाकीच्या तिचं काम उचलतील. नावातला 'आय' मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा होता. पुढे त्याचं 'इंडिपेंडंट' झालं. (स्वस्त म्हटल्यावर महाग कसं विकणार!) लिनक्समध्ये तर वेगळं कार्डही लागत नाही. सगळं कर्नेलच सांभाळतं, आणि आपण त्याच्याशी बोलायचं ते 'एमडीएडीएम' या प्रोग्रॅममधून. हा नील ब्राऊन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने २००१ मध्ये लिहिला.

'रेड १' म्हणजे दोन डिस्कांवर एकच मजकूर. 'रेड ५'ला किमान तीन डिस्क लागतात. दोन डिस्कांचा 'रेड १' असो की 'रेड ५', एक डिस्क गेलेली चालते. दुसरी गेली की खेळ खल्लास.

आता तुमच्या टोळीची तब्येत कशी कळणार? 'प्रॉक' फोल्डरमधली 'एमडीस्टॅट' फाइल उघडा. कंसात दोन 'यू' दिसले तर झक्कास. एक 'यू' आणि शेजारी नुसता अंडरस्कोर दिसला तर समजा, गाडी एका चाकावर चाललीय. तसा एमडीएडीएम बिघाड झाला की स्वतःहून मेल पाठवू शकतो. पण त्यासाठी सेटिंगमध्ये मेलचा पत्ता भरावा लागतो आणि मशिनवरून मेल बाहेर जावी लागते. छोट्या ऑफिसांत हे काम 'उद्या बघू'च्या यादीत पडून असतं. मग डिस्क मार्चमध्ये मरते आणि कळतं थेट जूनमध्ये!

समजा, कळलं. तरी लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलू नका, बॉस. लिनक्स डिस्कांना 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावं देतं. ही नावं काही कायमची नसतात. मशिन पुन्हा सुरू केल्यावर ती बदलूही शकतात. त्यामुळे 'एसडीबी म्हणजे खालची' हा अंदाज महागात पडतो. खालची उपसली आणि तीच धडधाकट निघाली तर? भरवशाचा एकच, सीरियल नंबर. 'स्मार्टसीटीएल' ही कमांड तो दाखवते. तोच नंबर डिस्कवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. मेलेली डिस्क उत्तरच देत नसेल तर जिवंत डिस्कांचे नंबर लिहून घ्या, उरेल ती तुमची गिऱ्हाईक. खरं तर मशिन नवं असतानाच नंबराच्या चिठ्ठ्या खणावर चिकटवल्या तर दहा मिनिटांचं काम आहे.

आणि त्याआधी बॅकअप! 'रेड आहे ना, मग बॅकअप कशाला?' हे वाक्य ऐकलं की डोक्याला शॉट बसतो. चुकून काही डिलीट केलं तर रेड ते दोन्ही डिस्कांवरून तत्परतेने डिलीट करतं. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २'चं काम चालू असताना पिक्सारमध्ये कुणीतरी चुकीची डिलीट कमांड दिली आणि सिनेमाच्या फाइल्स भराभर गायब झाल्या. बॅकअपही धड निघाला नाही. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. घरी तान्हं बाळ म्हणून त्या घरून काम करायच्या आणि एक प्रत त्यांच्या घरच्या मशिनवर होती.

बॅकअप झाला? मग मेलेल्या डिस्कला आधी 'फेल' आणि मग 'रिमूव्ह' म्हणायचं. खणातून थेट काढायची सोय नसेल तर मशिन बंद करून डिस्क बदलायची. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. दोन कंपन्यांच्या 'एक टीबी'त थोडासा फरक असू शकतो आणि जागा कमी पडली तर एमडीएडीएम सरळ नकार देतो. घेताना एसएमआर तंत्राची डिस्क टाळा. रीबिल्डच्या वेळी ती पार रडते. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही मॉडेल्सवरून २०२० मध्ये यावर बराच गदारोळ झाला होता.

पुढे जुन्या डिस्कवरचं पार्टिशन टेबल नव्या डिस्कवर उतरवायचं. इथे दिशा दोनदा तपासा! उलटं केलंत तर चांगल्या डिस्कवर कोरी पाटी येईल. मग 'अ‍ॅड'. एमडीस्टॅटमध्ये टक्के सरकायला लागतात आणि ते बघत बसण्यात क्रिकेटच्या स्कोअरइतकी मजा आहे. सेकंदाला १५० एमबी धरले तरी चार टीबीला सात-साडेसात तास जातात, शेजारी काम चालू असेल तर आणखी.

हेच सगळ्यात नाजूक तास. उरलेली डिस्क बहुतेक मेलेल्या डिस्कसोबतच विकत घेतलेली, तेवढीच म्हातारी. तिला आता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं जातंय. मधेच वीज गेली तर? म्हणून यूपीएसची बॅटरी आधी तपासा आणि ते मशिन एसीच्या खोलीत ठेवा. रीबिल्ड शुक्रवारी संध्याकाळी सुरू केलंत तर उत्तम, ऑफिस रिकामं असतं.

दोन्ही 'यू' परत आले तरी एक काम राहतं. मशिन याच डिस्कांवरून सुरू होत असेल तर नव्या डिस्कवर 'ग्रब' बूटलोडर टाका. नाहीतर उद्या जुनी डिस्क गेली की डेटा शाबूत आणि मशिन सुरूच होत नाही, असा विनोद होईल.

आणि ती काढलेली डिस्क? वॉरंटीत असेल तर परत पाठवा, पण त्यावर लोकांच्या घरच्या लग्नांचे फोटो आहेत हे विसरू नका. आपल्याला ती मेलेली वाटते, दुरुस्तीवाल्याला वाटेलच असं नाही. वॉरंटी संपली असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी ड्रिल मशिनने आतल्या चकत्यांना आरपार दोन-चार भोकं पाडा.