पांढुर्णा जिल्हा झाला. आता प्लॉट घ्यावा का?



गणपतीत भेट होवो की तिळगुळाच्या दिवशी, जिल्हा झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो : "साहेब, पांढुर्ण्यात एखादा प्लॉट घेऊन ठेवावा का?" विचारणारे बहुतेक नुकतेच निवृत्त झालेले, पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे हाती असलेले. दुसरा प्रश्न उलट बाजूचा आणि जरा दबक्या आवाजात येतो : "भाऊ म्हणतो बगीचा विकून टाकू. कॉलनीवाला चांगला भाव देतो आहे." आयुष्य बँकेत गेले म्हणून लोक विचारतात. एकेकाला सांगण्यापेक्षा येथे लिहून ठेवतो.

आधी जिल्ह्याचे. ऑगस्ट २०२३ मध्ये घोषणा झाली आणि ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या झाल्या. कलेक्टर आणि पोलीस अधीक्षक इथेच बसू लागले. कामासाठी छिंदवाड्याला जाऊन दिवस घालवणे संपले. ही सोय मोठी आहे. पण नवीन जिल्ह्याचा पैसा आधी कुठे दिसतो? गावातल्या भाड्याच्या घरात, झेरॉक्सच्या दुकानात, खानावळीत. बदलून आलेला कर्मचारी भाड्याने राहतो, तीन वर्षांनी निघून जातो. गावापासून चार किलोमीटरवरच्या शेतात पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारल्या म्हणून तिथे वस्ती होत नाही.

आपल्या भागाची कमाई जिल्ह्याच्या पाटीवर कधी अवलंबून नव्हती. ती संत्रा, कापूस आणि नागपूरचा रस्ता यांवर चालली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानीच नागपूर होती. राजधानी भोपाळला गेली, पण बाजार, दवाखाना, कॉलेज आणि सोयरीक नागपूरकडेच राहिली. पांढुर्णा नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर, सौंसर छिंदवाडा-नागपूर मार्गावर. सौंसर तहसिलीत बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा कापड कारखाना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आला, तोही नागपूर जवळ म्हणून. अनेक घरांत पहिला महिन्याचा पगार त्या औद्योगिक क्षेत्रातून आला.

आता प्लॉटचा हिशेब. समजा दहा लाखांचा प्लॉट घेतला. नगरपालिका हद्दीत मुद्रांक आणि पंजीयन मिळून दहा टक्क्यांवर खर्च येतो, म्हणजे पहिल्याच दिवशी अकरा लाख गेले. हेच अकरा लाख सात टक्क्यांच्या ठेवीत चक्रवाढीने ठेवले तर दहा-साडेदहा वर्षांत बावीस होतात. ठेवीच्या व्याजावर कर आहे, हे खरे. प्लॉट विकताना नफ्यावरही आहे. म्हणजे दहा वर्षांनी तो प्लॉट बाविसाच्या आसपास विकला गेला तर तुम्ही ठेवीच्या बरोबरीला आलात, पुढे नाही. मध्ये दरमहा हाती काही नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हे लिहिताना ८.२ टक्के व्याज आहे. दहा लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये खात्यात येतात. औषधपाणी ज्यातून चालते तो पैसा प्लॉटात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नात्यात कोणी रागावले तरी चालेल.

ज्यांच्याकडे जास्तीचा पैसा आहे, त्यांनी कागद पाहून घ्यावा. विदर्भातल्या पाहुण्यांचा सातबारा तो आपला खसरा आणि बी-१, त्यांचा तलाठी तो आपला पटवारी. तिकडच्या सवयीने इथे व्यवहार करू नये. जमिनीचे डायव्हर्शन झाले आहे का, नगर तथा ग्राम निवेशची नक्शाला मंजुरी आहे का, कॉलनीची विकास अनुमती आहे का, आणि पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी कॉलनी असेल तर रेरा क्रमांक आहे का, हे सगळे रजिस्ट्रीच्या आधी पाहायचे. रजिस्ट्री झाली म्हणजे कॉलनी वैध झाली, असे अजिबात नाही. नोकरीत असताना असे किती अर्ज आम्ही परत केले! रजिस्ट्री, नामांतरण सगळे ठीक, पण कॉलनी अवैध; मग घरकर्ज नाही, घर बांधायची परवानगी नाही. आणखी एक : आदिवासी खातेदाराची जमीन इतरांना घ्यायची तर कलेक्टरची परवानगी लागते. "नंतर करून देऊ" हे ऐकून बयाना देऊ नये.

आता बगीचा विकणाऱ्यांकडे वळू. संत्र्यात अडचण आहे, ती झाकून चालणार नाही. कलम लावल्यावर पाच-सहा वर्षे वाट पाहायची, मग आंबिया घ्या की मृग, फळगळ आणि डिंक्या पाठीमागे आहेतच. बांगलादेश मोठे गिऱ्हाईक. त्याने २०१९ नंतर आयात शुल्क वाढवत नेले आणि भाव पडले. २०२३ च्या शेवटी महाराष्ट्र सरकारने त्या शुल्काचा अर्धा भार उचलायचे ठरवले, पण ती योजना महाराष्ट्राची. फळ तेच, बांध तेवढा अलीकडचा.

तरी विकण्याआधी एवढे पाहा की आपला तोटा झाडावर होतो की झाड उतरल्यावर. आपल्याकडे बहुतेक जण बहार झाडावरच व्यापाऱ्याला ठोक देतात. फळ धुणे, मेण लावणे, आकाराप्रमाणे वेगळे करणे, पेटीत भरणे यातली कमाई दुसऱ्याची. बारीक फळ, ज्याला मंडीत कोणी विचारत नाही, ते रसाला चालते. मार्च २०२५ मध्ये नागपूरला मिहानमध्ये पतंजलीचा कारखाना सुरू झाला. दिवसाला ८०० टन संत्र्याचा रस काढण्याची त्याची क्षमता सांगितली गेली आहे. सौंसरहून ते अंतर दोन तासांचे आहे.

गुंतवणूक करायचीच तर आमच्या मते इथे जागा आहे. सूक्ष्म खाद्य उद्योगांच्या केंद्रीय योजनेत, म्हणजे पीएमएफएमईमध्ये, बँक कर्जासोबत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान असते. कृषी पायाभूत निधीत पॅकहाऊस किंवा शीतगृहासाठी दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट, सात वर्षांपर्यंत. अर्ज करताना योजनेची मुदत चालू आहे का ते बँकेत विचारून घ्यावे. एकट्याने न जमल्यास चार चुलतभावांनी मिळून करावे. मात्र हिस्से आधी कागदावर. तोंडी भागीदारीने बिघडलेली घरे आम्ही काउंटरच्या अलीकडून पाहिली आहेत.

आणि विकायचेच ठरले, तर कराचे विसरू नका. पांढुर्णा आणि सौंसर या आकाराच्या गावांत नगरपालिका हद्दीपासून दोन किलोमीटरच्या बाहेरची शेतजमीन असेल तर विक्रीच्या नफ्यावर आयकर नाही. आत असेल तर आहे. हे अंतर आधी मोजून घ्या आणि सीएला दाखवा. सौद्यातले वीस हजार किंवा त्याहून जास्त रुपये रोख घेऊ नका, जितके घ्याल तितकाच दंड लागू शकतो. बहिणींचा हिस्सा असतो. त्यांच्या सह्या रजिस्ट्रीच्या दिवशी नव्हे, बयान्याच्या आधी घ्या.

कागद दाखवायचे असतील तर रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात आम्ही असतो. खसऱ्याची नवीन नक्कल मात्र सोबत आणावी, जुनी चालत नाही.