स्थावरांतील गुंतवणूक आणि सनदी सल्लागार

पूर्वीं मध्यम स्थितींतील कुटुंबाची शिल्लक सोन्यांत, पोस्टांत अथवा बँकेच्या ठेवींत जात असे. आतां राहतें घर झालें, मुलें मिळवूं लागलीं, कीं दुसरा एखादा गाळा किंवा जमिनीचा तुकडा घेऊन ठेवावा, असा विचार पुष्कळ घरांत होतो. विचार वावगा नाहीं. परंतु हा पैसा बहुधा एकट्याचा नसतो. त्यांत वडिलांच्या निवृत्तीची रक्कम असते, आईचे दागिने असतात आणि भावाच्या नांवावरचें कर्जहि असतें. म्हणून तो कोणाच्या सल्ल्यानें गुंतवावा, हा प्रश्न साऱ्या घराचा आहे.

सल्लागारांची वाण नाहीं. मात्र प्रत्येकाची सनद एकाच प्रश्नाचें उत्तर देण्यापुरती असते, आणि ज्याच्याकडून मेहनताना मिळतो त्याचें हित तो प्रथम पाहतो. या दोन गोष्टी ध्यानांत ठेवल्या म्हणजे निम्में काम झालें.

प्रथम दलाल. ‘रेरा’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या अधिनियमानें नोंदणीकृत प्रकल्पांतील सदनिका विकून देणाऱ्या दलालास नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रांत २०२३ पासून त्यासाठीं शिक्षण व परीक्षाहि आहे. त्याचा नोंदणीक्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. जुन्या इमारतींतील गाळ्याच्या फेरविक्रीस मात्र ही अट लागू नाहीं. शिवाय दलाली व्यवहार पुरा झाला तरच मिळते. तेव्हां “घेऊं नका” हा सल्ला त्याच्याकडून अपेक्षिणें व्यर्थ होय.

तो सल्ला देण्याचें काम वकिलाचें. दस्त नोंदला गेला म्हणजे मालकी निर्वेध झाली, असा समज सुशिक्षितांतहि आढळतो. वस्तुतः दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो. विकणाऱ्याच्या हक्काचा निवाडा करीत नाहीं. सातबारा हीहि महसुलाची नोंद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. यास्तव मागील तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेण्याचा प्रघात आहे. बांधणाऱ्याच्या वकिलाचा अहवाल बांधणाऱ्यासाठीं आणि बँकेच्या वकिलाचा बँकेसाठीं असतो. आपला वकील निराळा असावा.

वडिलोपार्जित मिळकत असेल तर त्यानें वंशावळ मागावी. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबांत मुलगी जन्मतःच सहदायाद झाली, आणि दुरुस्तीच्या वेळीं वडील हयात नसले तरी तिचा हा हक्क टिकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. बहिणींना वगळून भावांनींच सह्या केलेलें खरेदीखत पुढें खटल्याचें मूळ होतें. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी येत नाहीं, हेंहि त्याच न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे.

मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र व इमारतीची प्रकृति अभियंत्यानें पाहावी. करासाठीं सनदी लेखापाल हवा. मिळकत पन्नास लाख वा अधिक किमतीची असल्यास विकत घेणाऱ्यानें शेंकडा एक कर कापून सरकारांत भरावयाचा असतो. विक्रेता परदेशस्थ असेल तर किमतीची ही मर्यादाच राहत नाहीं व कापावयाचा करहि बराच अधिक असतो. ज्यांचीं भावंडें परदेशीं आहेत अशा घरांकडून मिळकत घेतांना ही चूक सहज होते, आणि न कापलेल्या कराचा जाब घेणाऱ्यासच द्यावा लागतो.

क्रमहि महत्त्वाचा आहे. आधीं इसार आणि मग वकील, अशी रीत पडली आहे. ती उलटी करावी. रेराखालील प्रकल्पांत नोंदणीकृत करारापूर्वीं किमतीच्या शेंकडा दहापेक्षां अधिक रक्कम मागण्यास बांधणाऱ्यास कायद्यानें मनाई आहे. फेरविक्रींत हें संरक्षण नसल्यामुळें आपण स्वतःच तसें बंधन घालून घ्यावें.

प्रत्येकाचा अभिप्राय लेखी घ्यावा, तो घरांतील सर्वांनीं, स्त्रियांनींहि, वाचावा, आणि मगच सही करावी. ज्यांचा पैसा लागला आहे, त्यांना तो कशांत व कोणाच्या भरंवशावर लागला हें ठाऊक असलें पाहिजे.