तिरप्या उन्हाची घरं

21 डिसेंबरच्या भर दुपारी हेलसिंकीत सूर्य क्षितिजापासून जेमतेम सहा-साडेसहा अंश वर येतो. हात लांब करून तीन बोटं आडवी धरली की तेवढी उंची भरते. दिवस सहा तासांचाही नसतो. त्याच दुपारी मुंबईत सूर्य 47 अंशांवर असतो आणि मुंबईकर त्याला कोवळं ऊन म्हणतात.

पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, मोकळी जमीन, खिडकीला नावापुरता पडदा. पुण्या-मुंबईच्या सॅम्पल फ्लॅटमधून ‘स्कँडिनेव्हियन’ म्हणून दाखवली जाणारी ही सजावट त्या तीन बोटांच्या उन्हातून जन्मली. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड इथल्या घरांना वर्षातले कित्येक महिने उजेड काटकसरीने वापरावा लागतो. एकदा आत आलेला किरण दोन-तीन भिंतींवर आपटून मगच विझावा, यासाठी तिथली सगळी खटपट.

इतक्या खालून येणारं ऊन खोलीत फार लांबवर जातं. खिडकीची वरची कड जमिनीपासून दोन मीटरवर असेल, तर हेलसिंकीतल्या डिसेंबरच्या दुपारी ते समोरची भिंत गाठतंच. म्हणून वाटेत उंच कपाट उभं करायचं नाही आणि खिडकीला जाड पडदा लावायचा नाही. पाइनच्या फळ्यांची जमीन काळाने पिवळी पडते, त्यामुळे तिला क्षार लावून, वर्षानुवर्षं साबणाने घासून फिकट ठेवायची. बाहेर बर्फ पडला की उजेड खालूनही येतो. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशातला ऐंशी टक्क्यांहून अधिक परत फेकतो आणि घराचं छत उजळतं. खरा जीव नकोसा करतो तो नोव्हेंबर. बर्फ नाही, ऊन नाही, नुसती काळी ओली जमीन.

खिडकीची बडदास्त त्याहून मोठी. जुन्या घरांत हिवाळ्यासाठी आतून दुसरं तावदान बसवत आणि दोन काचांमधल्या फटीत पांढरं लायकेन पसरत. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलंच हे. ते दमट हवेतलं पाणी शोषायचं आणि दिसायलाही बरं. आता तीन काचांच्या खिडक्या आल्या, तरी खिडकीत दिवा ठेवण्याची सवय सुटलेली नाही. ख्रिसमसआधीच्या चार रविवारांपैकी पहिला आला की स्वीडनमधल्या घराघरांत खिडकीवर सात दिव्यांची त्रिकोणी दिवटी किंवा कागदी चांदणी लागते. आपल्या आकाशकंदिलासारखीच ही चांदणी घरातल्यांइतकीच रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी असते.

घरातल्या या उजेडाचा सर्वांत हट्टी निरीक्षक डॅनिश चित्रकार व्हिल्हेल्म हॅमरस्हॉय. 1898 ते 1909 या काळात तो कोपनहेगनमध्ये स्ट्रँडगेड 30 या पत्त्यावरच्या फ्लॅटमध्ये राहिला आणि त्याच खोल्या पुन:पुन्हा रंगवत बसला. 1900 सालच्या एका चित्रात तर माणूस नाही, खुर्ची नाही, टेबल नाही. बंद दार, खिडकी आणि तिरप्या उन्हात तरंगणारे धूलिकण, एवढंच. करड्या रंगाच्या किती छटा असू शकतात याचा तो फ्लॅट म्हणजे पाठच आहे.

पण उत्तरेकडचं घर म्हणजे करडं-पांढरंच, हा समज एका दुसऱ्या चित्रकाराने केव्हाच मोडून ठेवला आहे. स्वीडनमधल्या सुंडबोर्न गावी कार्ल लार्सन आणि त्याची बायको कारिन यांनी आपलं लाकडी घर लाल, हिरव्या, पिवळ्या रंगांनी भरून टाकलं. कार्लने त्या घराची जलरंगातली चित्रं 1899 मध्ये पुस्तकरूपाने छापली आणि ती देशभर पोचली. नाव कार्लचं झालं. घरातले पडदे, विणकाम आणि बऱ्याचशा फर्निचरची कल्पना मात्र कारिनची. फिनलंडमध्येही रंग येतो तो पायाखालून. जुन्या कपड्यांच्या चिंध्या कापून मागावर विणलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या तिथे घरोघर असतात. उन्हाळा आला की हेलसिंकीकर त्या समुद्राकाठी खास बांधलेल्या लाकडी धक्क्यांवर नेऊन पाइनच्या तेलाच्या साबणाने घासतात.

दिवस संपल्यावर काय, हा प्रश्न डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेनने आयुष्यभर सोडवला. त्याचं बालपण रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात गेलेलं. विजेचा उघडा बल्ब त्याला डोळ्यांत खुपायचा. 1920च्या दशकाच्या मध्यावर त्याने एकाखाली एक अशा तीन वाडग्यांचा दिवा काढला. वाडग्यांचे वळसे गणिताने असे बसवले की बल्ब कुठूनही थेट दिसत नाही, उजेड मात्र टेबलावर आणि माणसांच्या चेहऱ्यावर पसरतो. 1958 मधला त्याचा ‘पीएच 5’ अजून विकला जातो. नावातला पाच म्हणजे 50 सेंटिमीटरचा व्यास. डॅनिश घरात छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा सहसा नसतो. जेवणाच्या टेबलावर एक, खुर्चीपाशी एक, कोपऱ्यात एक, असे खाली उतरलेले दिवे असतात. आपल्याकडे फॉल्स सीलिंगमध्ये वीस-वीस दिवे ठोकणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी उचलायला हरकत नाही.

फिनलंडचा वास्तुकार आल्वार आल्तो याच्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. पाइमिओच्या जंगलातलं त्याचं क्षयरोग रुग्णालय 1933 मध्ये उभं राहिलं. रुग्ण दिवसभर उताणा पडलेला असतो हे ध्यानात ठेवून त्याने खोल्यांची छतं गडद, शांत हिरवी रंगवली आणि दिवा नजरेच्या टप्प्याबाहेर बसवला. त्या काळी युरोपभर पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांची फॅशन होती. आल्तोला पोलाद चकाकतं, गार लागतं, म्हणून नको होतं. देशात बर्चचं लाकूड मुबलक. त्याने तेच वाकवायची युक्ती काढली. तीन वाकड्या पायांचं त्याचं स्टूल 1933 पासून आजतागायत बनतं आहे. 1939 मधल्या ‘व्हिला मायरिया’ या घरात त्याने जिन्याभोवती लाकडी खांब दाट-विरळ उभे केले. जिना चढताना बाहेरचं पाइनचं रान घरात शिरल्यासारखं वाटतं.

मात्र निसर्गाच्या प्रेरणेच्या सगळ्याच कथांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आल्तोची 1936 मधली नागमोडी काचेची फुलदाणी फिनलंडच्या सरोवरांच्या काठांवरून सुचली, असं सर्रास सांगतात. स्पर्धेला पाठवताना तिला दिलेलं नाव होतं ‘एस्किमो बाईची चामड्याची विजार’!

फ्लॅटचं म्हणाल, तर सरस उदाहरण कोपनहेगनच्या उत्तरेला क्लाम्पेनबोर्गच्या किनाऱ्यावर आहे. वास्तुकार आर्ने याकोब्सनने 1934 मध्ये बांधलेल्या ‘बेलाव्हिस्टा’त फ्लॅट एकामागे एक किंचित सरकवले आहेत, त्यामुळे मागच्या बिऱ्हाडालाही समुद्र दिसतो. दृश्याचा हक्क फक्त पुढच्या रांगेला आणि चढ्या दराने, असा हिशेब तिथे नाही. आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, स्वीडनमधल्या किरुनात, वास्तुकार राल्फ अर्स्किनने 1960च्या दशकात उभारलेल्या इमारतींचं गणित वेगळं. तिथे त्याने इमारतींचे कोपरे गोल केले, म्हणजे वारा अडकत नाही, आणि खिडक्या बेताच्या ठेवल्या. बाल्कन्या त्याने बाहेरून टांगल्या, कारण घराच्या स्लॅबला जोडलेली बाल्कनी हाडासारखी आत थंडी पोचवते.

आणि महाराष्ट्र? स्वीडिश फर्निचर कंपनी आयकियाचं दुकान डिसेंबर 2020 मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला उघडलं आणि बर्च रंगाची कपाटं डोंबिवलीपर्यंत पोचली. कपाटं उत्तम आहेत. पण पश्चिमेला तोंड असलेल्या बाराव्या मजल्यावरच्या हॉलला पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चकचकीत टाइल्स आणि उघडी काच देणं म्हणजे एप्रिलमध्ये दुपारी चारला गॉगल घालून चहा पिणं. इथे मुळात उजेड उदंड. त्याला गाळून घ्यायचं काम आहे. वाड्यांतला चौक, खोल ओसरी, गोव्यातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या हे काम चोख करत होत्या. शिंपल्यातून झळ न येता दुधाळ उजेड तेवढा आत येतो. घराला उत्तरेचा रंग देण्यापेक्षा तिथली ऊन वाचण्याची सवय उचलणं कितीतरी स्वस्त.

तेव्हा या दिवाळीनंतर घराचं काम काढणाऱ्यांनी आधी प्रत्येक खोलीत ऊन किती वाजता, कुठवर येतं ते टिपून ठेवावं. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला सरकतो, म्हणजे एरवी सावलीतल्या उत्तरेच्या खिडकीचाही विचार हवा. रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवडू नये. हातभर पट्टा त्याच भिंतीवर लावून सकाळी, दुपारी चारला आणि दिवे लागल्यावर पाहावा, आणि इंटिरियरवाल्याला अ‍ॅडव्हान्स त्यानंतरच द्यावा.