दिवसाचे किती घेता?

कमर्शियल फोटोग्राफरला नव्या क्लाएंटचा फोन आला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. नव्याने धंद्यात उतरलेला मुलगा गडबडीत एक आकडा बोलून टाकतो. तो मित्राकडून ऐकलेला असतो, नाहीतर लग्नाच्या ऑर्डरींतून उचललेला. मग दोन-तीन वर्षं तोच आकडा त्याला चिकटतो. आकडा कमी असणं हे दुखणं आहेच, पण तो नेमका कशाचा आहे हे दोघांनाही ठाऊक नसतं, हे त्याहून मोठं दुखणं. कशाचे पैसे, कुठे वापरायचे, किती काळ आणि कधी द्यायचे, हे कोटेशनवर येत नाही तोवर दर ठरला असं म्हणण्यात अर्थ नाही.

‘दिवसाला पाच हजार म्हणजे महिन्याचे दीड लाख’

हा हिशेब क्लाएंट करतो, घरचे करतात आणि कधीकधी फोटोग्राफर स्वतःही करतो. पण शूटचा एक दिवस म्हणजे कामाचा एक दिवस नव्हे. त्याआधी मीटिंग, जागेची पाहणी, सामानाची जुळवाजुळव. नंतर निवड, रिटचिंग, दुरुस्त्या, बिल आणि बिलाचा पाठपुरावा. एकट्याने काम करणाऱ्याला वर्षाकाठी ऐंशी दिवस शूट मिळाले तर वर्ष चांगलं गेलं म्हणायचं.

आता पुण्यातल्या एका फोटोग्राफरचं कल्पित खातं मांडू. स्टुडिओच्या भाड्यातला वाटा महिना पंधरा हजार, म्हणजे वर्षाला 1,80,000. कॅमेरा, लेन्स, लाइट मिळून सहा लाखांचं सामान चार वर्षांत बदलायचं, म्हणजे वर्षाला 1,50,000. कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, हार्डडिस्क 60,000. विमा आणि दुरुस्ती 40,000. गाडी, फोन, इंटरनेट 70,000. बेरीज पाच लाख. दिवसाला पाच हजार घेऊन ऐंशी दिवस शूट केलं तर हातात येतात चार लाख. म्हणजे हा गडी वर्षभर राबून क्लाएंटला स्वतःच्या खिशातले लाखभर रुपये देतोय! त्यात घरखर्चासाठी महिना साठ हजार धरले, तर वर्षाची गरज 12,20,000 होते आणि दिवसाचा दर 15,250. हा नफ्याचा आकडा नव्हे, इथे फक्त तोटा थांबतो. असिस्टंट, मेकअप, प्रॉप्स, भाड्याचे लाइट हे सगळं वेगळं लावायचं.

माझे आकडे कुणी जसेच्या तसे उचलू नयेत. सोलापूरचं भाडं वेगळं, अंधेरीचं वेगळं. खातं मात्र प्रत्येकाने मांडायलाच हवं.

‘वीस प्रॉडक्ट, वीस फोटो, फोटोमागे इतके’

लोणच्याच्या बरणीचं उदाहरण घ्या. झाकणाच्या पत्र्यात फोटोग्राफरचा शर्ट दिसतो, काचेत छतावरची ट्यूब. म्हणून दोन्ही बाजूंना काळं कार्ड उभं करायचं, म्हणजे काचेची कड उठून दिसते. मागे पांढरा कागद लावून प्रकाश आरपार आणायचा, नाहीतर फोडी काळपट येतात. तेल वर येऊन ठरेपर्यंत थांबायचं. हातमोजे न घालता कुणी बरणी सरकवली की ठसे पुसत बसायचं. पहिल्या बरणीला तास-दीड तास सहज जातो. त्याच मापाची दुसरी बरणी त्याच जागी ठेवली की पंधरा मिनिटांत होते. मग कंपनी सांगते, ‘आता पापडाची पाकिटं घ्या’, की सगळी मांडणी मोडून पुन्हा श्रीगणेशा.

म्हणून ‘फोटो किती’ याच्याआधी ‘मापं किती, पदार्थ किती प्रकारचे’ हे विचारलं पाहिजे. एकाच मापाच्या वीस बरण्या अर्ध्या-पाऊण दिवसात उरकतात. वीस निरनिराळ्या वस्तूंना दोन दिवसही पुरणार नाहीत. फोटोमागे सरसकट दर लावणारा पहिल्या कामात क्लाएंटला महाग पडतो आणि दुसऱ्यात स्वतः बुडतो.

‘फोटो मी काढला, कॉपीराइट माझाच’

सर्वात महागात पडणारा गैरसमज हा, आणि तो बराचसा परदेशी व्हिडिओ पाहून आलेला आहे. अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या फोटोग्राफरकडे हक्क सहसा राहतो. आपल्याकडे तसं नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 मध्ये फोटो काढणारा हा पहिला मालक, असा मूळ नियम आहे खरा. पण त्याला अपवाद जोडलेला आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम देणारा. कमर्शियल काम जवळपास सगळं याच अपवादात बसतं.

ही तरतूद इंग्रजांच्या जुन्या कायद्यातून आली. ब्रिटनने स्वतः 1988 च्या कायद्याने ती सोडून दिली, कॅनडाने 2012 मध्ये. आपल्याकडे ती अजून शाबूत आहे. परिणाम असा, की नुसत्या फोनवर ठरलेल्या कामाचे फोटो उद्या होर्डिंगवर चढले, पुढच्या वर्षी पाकिटावर छापले गेले, तरी जादा पैसे मागायला आधार उरत नाही. इतकंच काय, तो फोटो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकायलाही परवानगी लागते. कलम 57 मुळे ‘हा फोटो माझा’ म्हणण्याचा हक्क मात्र कॉपीराइट गेल्यावरही राहतो. त्याने नाव राहतं, पैसे मिळत नाहीत.

उपाय अवघड नाही. ‘कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील, क्लाएंटला वेबसाइट आणि सोशल मीडियासाठी दोन वर्षांचा वापर, होर्डिंग, पॅकेजिंग, टीव्ही यांचा आकार वेगळा’ अशा दोन-तीन ओळी कोटेशनवर लिहायच्या आणि काम सुरू होण्याआधी त्यावर क्लाएंटची सही घ्यायची. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. क्लाएंटला सगळे हक्क हवे असतील तर जरूर द्यावेत, कॅटलॉगच्या पॅकशॉटचे हक्क सांभाळून ठेवण्यात फारसं हशील नसतंच. पण जाहिरातीच्या मुख्य फोटोचे हक्क विकताना त्याची किंमत वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. हॉटेलच्या मेनूकार्डासाठी काढलेली थाळी आणि एक्सप्रेस-वेच्या होर्डिंगवरची थाळी, मेहनत तीच असेल, पण त्यातून क्लाएंटला होणारा धंदा सारखा नाही.

जीएसटीबद्दल थोडक्यात

‘अठरा टक्के लावले तर क्लाएंट पळेल’ ही भीती अर्धीच खरी. क्लाएंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर भरलेला कर त्याला सहसा क्रेडिट म्हणून परत वापरता येतो. घरगुती केक विकणाऱ्या ताईंना मात्र तो खरोखर खर्च आहे. सेवा देणाऱ्याला वर्षाच्या 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही, पण नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणं बेकायदा. आणि हे 20 लाख नफ्याचे नव्हेत. मॉडेल, स्टायलिस्ट, लोकेशन यांचे पैसे तुमच्याच बिलातून गेले तर तेही सहसा तुमच्या उलाढालीत धरले जातात. मोठे खर्च क्लाएंटने परस्पर चुकते करावेत, हे बरं. कोटेशनवर ‘जीएसटी वेगळा’ हे शब्द नसले की शेवटी हमखास वाद होतो.

‘संघटनेने दर बांधून द्यावेत’

गावोगावच्या फोटोग्राफरांच्या बैठकीत ही सूचना टाळ्या घेते. मात्र स्पर्धा कायदा, 2002 नुसार एकाच धंद्यातल्यांनी मिळून किंमत ठरवणं स्पर्धेला मारक मानलं जातं, आणि त्यातून संघटनाही सुटत नाहीत. नमुना करार, बिलाचा साचा, खर्चाचा तक्ता हे संघटनेने जरूर द्यावं. तसंही भिंतीवर दरपत्रक लावून पाच हजारवाला थांबलेला मी तरी पाहिला नाही.

‘आमची पॉलिसी नव्वद दिवसांची आहे’

हे वाक्य अकाउंट्स विभागाकडून असं येतं, जणू वर सरकारी शिक्का आहे. वास्तविक 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असतात. सेवा देणारा एकटा फोटोग्राफरही यात येतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाल्यांना हा मुद्दा व्याजापेक्षा लवकर समजतो.

यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी, आणि काम घेण्याआधी. पैसे अडकल्यावर धावाधाव करून मागच्या बिलांना तिचा उपयोग नाही. नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत, एजंटांची आहेत.